आधी पोती, मग आई

आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आमच्या घरात ती एकटी आडवी होती आणि बाकी सगळं उभं होतं. कळंबोलीच्या आमच्या दोन खोल्यांत जागा व्हावी म्हणून दिवाण भिंतीला उभा केला होता, दिवाणाला टेकून टेबल उभं होतं, आणि बाहेरच्या खोलीत मधोमध लोखंडी कॉट, कॉटवर प्लायवूडची फळी, फळीवर पातळ गादी आणि गादीवर आई. तिथूनच ती स्वयंपाक करायची. म्हणजे हात माझे आणि कान तिचे. मी तेलात मोहरी टाकली की बाहेरून आवाज यायचा, "थांब." तडतड संपत आली की, "आता कांदा." मी भाकरी थापत असताना ती छताकडे बघत म्हणायची, "कड जाड राहिली." मी वाकून बघायची. कड जाड असायची. घेवड्याच्या आमटीत मीठ पडलं की नाही हेही ती ओळखायची, कारण मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट होतं आणि ते उघडल्याशिवाय मीठ पडणं शक्य नव्हतं. सकाळी तिच्या सूचना एका दमात यायच्या आणि मी निम्म्या विसरायची, म्हणून मी दोनशे पानी वही केली आणि त्यांना नंबर घातले. त्या वर्षी मी बारावीला होते. आज ऐरोलीत एका कंपनीच्या अख्ख्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे, लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, सगळं. तिथले लोक माझ्या याद्यांना हसतात आणि मग त्याच याद्या झेरॉक्स करून नेतात. सुरुवात त्या वहीपासून झाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटेवाले होते. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक वाकडी चळत असते, ट्रकचा सगळा भार तिच्यावर असतो. तिला पाटे म्हणतात. पाटा तुटला की तो काढायचा, नवा भट्टीत लाल करायचा, घणाने ठोकून त्याला कमान द्यायची आणि पुन्हा चळतीत बसवायचा. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं हे काम सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका त्या पहिल्या घणावर कुकर लावायच्या. पाटणच्या बाजूचं गाव सोडून आलेला हा माणूस फार बोलत नसे. त्यांच्या मते जगात एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे गाडी बसली नाही पाहिजे. माल कितीही भरा, मागची बाजू खाली येता कामा नये. शेजाऱ्यांनी सोफा घेतला तेव्हा सगळे त्याचा रंग बघत होते, अण्णांनी त्यावर तळहात दाबला आणि म्हणाले, "बसतोय."

आईला आडवं पडून दीड वर्ष झालं आणि गावाकडून मामाचे फोन वाढले. प्रश्न आप्पांचा होता. आप्पा म्हणजे आईचे वडील, वय ऐंशीच्या पुढे, नजर शाबूत, कान जवळजवळ पूर्ण गेलेले. गुडघ्यांमुळे ते ओट्यावरून अंगणातसुद्धा उतरत नसत. आई लागोपाठ दोन दिवाळ्यांना आणि दोन यात्रांना आली नाही, तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि ठरवलं की सुमन गेली आणि ही पोरं आपल्यापासून लपवतायत. फोनवर त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मामा हातवारे करून सांगायचा की ती बरी आहे, झोपून आहे. झोपल्याची खूण त्याने केली ती डोळे मिटून केली, आणि त्याने संशयात भरच पडली. मग अण्णांनी आईचा फोटो काढून पाठवायचं ठरवलं. फोटो चांगला आला. तो टपालात दुमडू नये म्हणून अण्णांनी तो काच लावून फ्रेम करून घेतला आणि गावाकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर पाठवला. आप्पांनी फ्रेम हातात घेतली, पुसली, आणि मामाला भिंतीवरची जागा दाखवली, गेलेल्या आजीच्या फोटोशेजारची. त्या दिवसापासून त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं. फोनवर मामा एवढंच म्हणाला, "अक्का, तू येऊन उभी राहा. तुला बघितल्याबिगार म्हातारा ऐकायचा न्हाय. आनि लौकर ये."

आईने फोन ठेवला आणि छताकडे बघत अण्णांना म्हणाली, "मला न्या."

डॉक्टरांना विचारलं. बसून लांबचा प्रवास नको, धक्के नकोत, झोपून आणि सांभाळून नेलंत तर चालेल, असं ते म्हणाले. एसटीत झोपता येत नाही. अण्णांनी एका गिऱ्हाईकाकडून जुनी पांढरी व्हॅन मागून आणली. डबा पाव घेऊन त्याला चार चाकं लावावीत तशी ती दिसायची. मागे लांब सीट होती, आई तिच्यावर गुडघे दुमडून मावली असती. व्हॅनचा दोष असा की ती वळणावर लोळायची आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावरही तीन वेळा खालीवर होत राहायची. गावापर्यंत दोन घाट होते. अण्णांनी गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर आले तेव्हा प्रसन्न होते, कारण व्हॅनला मागे पाटे होते. लहान, पण पाटे. ते म्हणाले, "बसतीय. दोन दिवसाचं काम हाय."

त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पाटा घातला. व्हॅनची मागची बाजू चार बोटं वर आली आणि ती पुढे वाकून काहीतरी शोधल्यासारखी दिसायला लागली. मग चाचणीचा प्रश्न आला. आईला चाचणीला नेता येत नव्हतं. म्हणून मागच्या सीटवर मी आडवी झाले, पोटावर स्टीलचा पेला ठेवला, त्यात काठापासून एक बोट खाली इतकं पाणी, आणि अण्णांनी गाडी कळंबोलीहून नावड्याला आणि परत अशी चालवली. त्या रस्त्यावर पोलादी पत्र्याच्या कॉइल वाहणारे ट्रेलर धावतात, त्यामुळे रस्त्याची अवस्था चाचणीसाठी उत्तम होती. वहीत मी रकाने पाडले होते: काय बदललं, कुठे सांडलं, किती. प्रत्येक नोंदीखाली पुढे काय बदलायचं ते अण्णा लिहायचे. पहिल्या चाचणीत पहिल्या स्पीडब्रेकरला पेला उडाला आणि मीही उडाले. नोंद अशी आहे: "पेट्रोल पंपासमोर. सगळं. पेला सापडत नाही." त्याखाली अण्णांचं अक्षर आहे: "वळणावर लोळली नाही."

हे खरं होतं. ती आता लोळत नव्हती. आपटत होती.

अण्णांनी आणखी तीन दिवस घालवले. अलीकडे मी माझ्या मुलाबरोबर गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले होते, तिथला तरुण सांगत होता की या गाडीचं सस्पेन्शन बटणाने मऊ-कडक होतं. मी मागच्या सीटवर आडवी झाले आणि स्टीलचा पेला मिळेल का असं विचारलं. मुलगा त्यानंतर माझ्याशी सीवूड्स येईपर्यंत बोलला नाही. तर, अण्णा जास्तीचा पाटा काढायला तयार नव्हते. तीस वर्षं त्यांनी ज्या गोष्टीवर घर चालवलं ती गोष्ट आईच्या कमरेला चालत नाही, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. टायरमधली हवा आणि चाकांची सरळ रेष तपासायला आम्ही नावडे फाट्यावर बाळारामकडे गेलो. बाळाराम तिथलाच, गावातला. बापाची भातशेती गेली आणि त्या जागी त्याने टायरचं दुकान आणि अलाइनमेंटचं मशीन टाकलं होतं. त्याने व्हॅनला एक चक्कर मारली, मागचा बंपर पायाने दाबायचा प्रयत्न केला, तो दबला नाही. मग अण्णांकडे बघितलं.

"भाऊ, हिच्यात काय नेनार? खडी?"

"बायको," अण्णा म्हणाले.

बाळारामने पाय बंपरवरून खाली घेतला. "मंग ही गाडी हाय, डंपर नाय," तो म्हणाला. "जास्तीचा पाटा बाहेर कार तो. तुजे शॉकअप मेलेत, म्हनून ती लोलते. पाट्याचा काय गुन्हा नाय."

अण्णांना कुणी पाट्यावरून शिकवावं हा प्रसंग मी पहिल्यांदाच बघत होते.  त्यांनी गाडी घरी आणून बिल्डिंगखाली लावली, वर आले, हात धुतले. आई कॉटवरून म्हणाली, "डाव्या अंगाचं मागलं चाक वरडतंय." अण्णा म्हणाले, तू कुठनं बघितलंस? आई म्हणाली, बघितलं नाही, ऐकलं. रोज गाडी लावताना ते चिरकतं, उजवं चिरकत नाही, आणि पाटा घातल्यापासून आवाज वाढलाय. मग शांतपणे पुढे म्हणाली, "जड झालंय काहीतरी. मोहरी करपल्यासारखं वाजतंय." अण्णा जेवले, ताट ठेवलं, उजेड होता तेवढ्यात पुन्हा खाली गेले. पाटे चेसिसला जिथे अडकतात तिथलं डावीकडचं रबर पिचून पार भुकटी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तीचे पाटे काढले. मूळचे पाटे सोडवले, घासले, कमान थोडी गेली होती ती ठोकून परत आणली, मध्ये ग्रीस लावलं, सगळी रबरं नवी टाकली. चारही शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के शोषणारे दांडे, बदलले. बाळारामने चाकं सरळ केली आणि हवा थोडी उतरवली. माझा एकच आग्रह होता की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर मी आडवी होणार, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. त्यामुळे त्या आठवड्यात मी नावड्याचा रस्ता अकरा वेळा छताकडे बघत पार केला. मला त्या रस्त्यावरचं एकही दुकान ओळखता येत नव्हतं, पण खड्डे सगळे पाठ होते. शॉकअपनंतर गाडी लोळायची थांबली. रबरांनंतर ओरडायची थांबली. हवा उतरवल्यावर बारीक थरथर गेली. सांडणं पेल्यावरून अर्ध्या पेल्यावर आणि तिथून चमच्यावर आलं. पण मोठ्या स्पीडब्रेकरला मागची बाजू अजूनही हलकी उडी घ्यायची, आणि तिथे ते अडलं.

अण्णांनी ती नोंद दोनदा वाचली. मग त्यांच्या चेहऱ्यावर फ्रेमच्या दुकानात होता तसा आत्मविश्वास आला. ते म्हणाले, रिकामी गाडी उडणारच. पाट्याचं खरं भरलेल्या गाडीवर कळतं. शंभर किलो टाकू. हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही मान्य करते. त्यांच्या ओळखीचे एक साताऱ्याकडचे माथाडी वाशीच्या मार्केटात होते, त्यांच्याकरवी पंचवीस-पंचवीस किलोची तांदळाची चार पोती आली. ती पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या खळग्यात आडवी रचली, तर आणखी एक गोष्ट जमली: सीट आणि पोती एका पातळीत आली, त्यावर फळी आणि गादी बसली आणि आईला पाय लांब करता येतील असा सपाट पलंग झाला. मी त्यावर आडवी झाले, पेला पोटावर. नावड्यापर्यंत गेलो आणि आलो. पेल्यात पाणी होतं तेवढंच होतं. वहीत मी लिहिलं: "कुठेही नाही." अण्णांनी खाली लिहिलं: "आहे तसं ठेवणे." वहीत ते पहिल्यांदाच असं लिहीत होते. बाकी सगळ्या नोंदींखाली काही ना काही बदलायचं होतं.

तांदूळ घेऊन गावाला जाणं विचित्र आहे, हे आमच्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. आमच्याकडे धान्य गावाहून शहरात येतं. दर दिवाळीला आम्ही रिकामे जायचो आणि तांदूळ, घेवडा, ज्वारी घेऊन यायचो. जावयाने सासरवाडीला पोती न्यायची पद्धतच नाही. पण ती पोती आमच्या लेखी तांदूळ नव्हतीच, गाडीचा भाग होती, शॉकअपसारखी. प्रवासाची यादी मी केली. तिचा शेवटचा भाग मला पाठ आहे: पोहोचल्यावर, एक, गाडी ओट्याजवळ सपाट जागी लावणे, दोन, फळी सरकवून आधी पोती काढणे, तीन, मग आईला पाय खाली सोडून उतरवणे. पोती दारातच होती, ती न काढता उतरायचं तर तिला वाकावं लागलं असतं, आणि वाकायला बंदी होती. मी या क्रमाचा पुष्कळ विचार केला होता.

आम्ही पहाटे निघालो. आईने पेला स्वतःच्या हातात घेतला, माझ्या पोटावर तिचा विश्वास नव्हता. बोरघाटात ती वळणांवर डोळे मिटून ऐकत होती. खंबाटकीला एकदा चमचाभर सांडलं, मी लिहून घेतलं. खाणं म्हणून भाकरी आणि खर्डा होता, तो तिने आडव्यानेच खाल्ला आणि खर्डा मी वाटला की मिक्सरने केला हे विचारलं. मी वाटला असं सांगितलं. ती म्हणाली, "मिक्सरचा आवाज आला होता मला." उंब्रजला तिच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून दहा मिनिटं थांबलो.  त्यापुढे ती दर थोड्या वेळाने फक्त, कुठं आलो, एवढं विचारायची.

घरासमोर गाडी सपाट जागी लावली. आप्पा ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. मामा धावत आला. मी यादी हातात धरून दोन नंबर वाचला. फळी सरकवली आणि अण्णांनी व मामाने पहिलं पोतं उचलून ओट्याच्या पायरीशी ठेवलं. मग दुसरं. आमच्याकडे पाहुण्याच्या गाडीतून धान्याची पोती दारात उतरतात ती एकाच प्रसंगी. घरात कुणी गेलं की तेराव्याच्या जेवणासाठी सोयरे आपापला वाटा आणून टाकतात. हे मला माहीत होतं. अण्णांना माहीत होतं. मामाला तर नक्कीच माहीत होतं, आणि तो तिसरं पोतं उचलत होता. मी मान वर केली तेव्हा आप्पा जावयाकडे बघत होते, जावयाच्या खांद्यावरच्या पोत्याकडे बघत होते, आणि गाडीच्या उघड्या दारात कुणी दिसतंय का ते बघत होते. आई आत आडवी होती, बाहेरून दिसत नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याचं मुंडासं काढलं आणि मांडीवर ठेवलं. रडले वगैरे नाहीत. इतके दिवस आपण बरोबर होतो, असा काहीसा चेहरा होता. त्यांचं उघडं डोकं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते खूप लहान होतं.

अण्णांच्या खांद्यावरचं चौथं पोतं तिथेच खाली आलं. "पोरी," ते म्हणाले, "तिला काढ आधी."

तीन नंबर आम्ही घाईत केला, जसा करायचा नव्हता तसा. आईचे पाय खाली आले, मग ती माझ्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली, कमरेला पट्टा, केस विस्कटलेले, हातात अजून पेला. गाडीपासून ओट्यापर्यंत सात पावलं होती. ती एकेक टाकत गेली. आप्पांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. मेलेलं माणूस परत आलं तर पावलं उलटी असतात. पावलं सरळ होती. मग ते हळूहळू वर बघत गेले, साडी, पट्टा, पेला, तोंड.  आईला वाकता येत नव्हतं आणि आप्पांना ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी खांब धरला, मामा मदतीला गेला तर त्याचा हात झटकला, आणि ते स्वतः उठले, गुडघे वाजवत. ओट्याच्या कडेपर्यंत आले, आईच्या चेहऱ्यावर हात ठेवला, नाकापाशी धरून श्वास लागतोय का पाहिलं.

"मग ह्यो तांदूळ कुनाचा?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कान खाली आणला, आईने त्यात ओरडून सांगितलं. "गाडीचा, आप्पा."

त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग व्हॅनकडे नीट बघून घेतलं, मुंडासं परत बांधलं आणि मामीला चहा टाकायला सांगितलं. दुपारी ते पोटभर जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवायला लावली, ती आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "घिऊन जा. इथं गर्दी हुतीय."

आम्ही चार दिवस राहिलो. त्या चार दिवसांत ती दोघं ओट्यावर होती, आई चटईवर आडवी, आप्पा शेजारी बसून. बोलणं जवळजवळ नव्हतंच. निघताना आप्पांनी शहराचा तांदूळ ठेवून घेतला आणि आपला द्यायला लावला, मामाला वजनकाटा आणायला सांगून बरोबर तेवढाच. गाडीच्या तांदळात कमी-जास्त नको, असं म्हणाले. त्यामुळे परतीच्या प्रवासात पाटे, शॉकअप, हवा आणि भार, सगळं जाताना होतं तसंच होतं. आईने पेला भरून हातात घेतला. आप्पा ओट्याच्या कडेला खांब धरून उभे होते आणि गाडी वळेपर्यंत उभेच होते, हे मी मागच्या काचेतून बघून तिला सांगत होते.

ती नोंद वहीत अशी आहे: "गावाची वेस. अर्धा पेला. रस्ता सपाट, वेग कमी, खड्डा नाही." घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावून सगळ्या नोंदी वाचल्या. खंबाटकीखाली त्यांनी "पुढचा उजवा शॉकअप बघणे" असं लिहिलं. मग वेशीच्या नोंदीवर आले, तिथे बराच वेळ थांबले, कॉटवरच्या आईकडे एकदा बघितलं आणि खाली लिहिलं: "आहे तसं ठेवणे."